सुई टोचल्याने कॅन्सर पसरत नाही

‘आरोग्यासाठी सर्वांना पाठवा’वाला तो मेसेज फिरत फिरत मावशीपर्यंत पोचला आणि तिने छातीतल्या गाठीची बायॉप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून करायची तपासणी, रद्द केली. मेसेजचं म्हणणं असं: गाठ म्हणजे बंद कवच, सुई लागली की ते फुटून पेशी अंगभर पसरतात, परदेशात बायॉप्सी केव्हाच बंद झाली, रोज जवसाचा काढा घ्या, गाठ विरघळेल.

आधी ते कवच. पसरणाऱ्या कॅन्सरला सुईची वाट बघावी लागत नाही. स्तनातल्या पेशी एकमेकींना ई-कॅढेरिन नावाच्या प्रथिनाने धरून असतात. लोब्युलर (दूधग्रंथींच्या) प्रकारच्या कॅन्सरमध्ये ते बहुधा नाहीसं होतं आणि पेशी एकामागे एक आजूबाजूला शिरतात. पण नुसतं सुटून भागत नाही, सरकायला पकड लागते. पेशीची इंटिग्रिन प्रथिनं बाहेरच्या कोलॅजनला धरतात. टॅलिन, व्हिन्क्युलिन ही आतली प्रथिनं ती पकड पेशीतल्या ॲक्टिनच्या धाग्यांशी जोडतात. माडावर चढणाऱ्या गड्यासारखी पेशी वर पकड घेते, अंग ओढते, मागची पकड सोडते. पकड फार घट्ट झाली तर ती अडकते, फार सैल झाली तर पुढे जाता येत नाही. शिवाय डक्टल (दूधनलिकांच्या) प्रकारात ई-कॅढेरिन बहुतेकदा शाबूत असतं, तरी तो कॅन्सर पसरतो, कारण पेशी एकमेकींना धरून जथ्यानेही सरकतात. यात ‘फुटणं’ कुठे आलं?

बरं, सुटून रक्तात गेल्या म्हणू. कॅन्सर-संशोधक आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये उंदरांच्या शिरेत मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पेशी थेट सोडल्या. दोन आठवड्यांनी हजारात जेमतेम एक तगली. तेवढ्याही पुरतात, म्हणाल. मग माणसांचंच बघा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात आले: आधी सुई टोचलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण जितके जगले ते) २२ महिने, न टोचलेल्यांचं १५. सुईने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही, पण घटलेलं तर दिसत नाही. ‘परदेशात बंद’चं उत्तरही यातच आलं.

मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत. एका एकत्रित अभ्यासात हे प्रमाण २.७ टक्के होतं. वृषणाच्या गाठीत म्हणूनच सुई सहसा टाळतात, आणि सार्कोमामध्ये (हाडं, स्नायू अशा ऊतींच्या कॅन्सरमध्ये) सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेत कापून काढता येईल अशी आखतात. डॉक्टरांना हे माहीत असतं. मेसेज लिहिणाऱ्याला ‘कुठली गाठ’ एवढंही विचारावंसं वाटलं नाही.

जवस खायचा तर चटणी करून खा, गाठ विरघळत नाही. स्तनाच्या गाठीत कॅन्सर आहे की नाही हे बायॉप्सीवरूनच कळतं, आणि असला तर पेशींमधली ईआर, पीआर, हर-टू ही प्रथिनं तपासून औषध ठरतं. हा रिपोर्टच नसेल तर डॉक्टरांनी मावशीला औषध द्यायचं ते कशाच्या आधारावर?