डेल्टात जोडल्याने पवनचक्कीची वीज वाढत नाही

घरी छोटी पवनचक्की करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो: "जनरेटरच्या कॉइल डेल्टात जोडा. करंट १.७३ पट, म्हणजे वीजही तेवढी जास्त. स्टार फक्त मंद वाऱ्यासाठी."

जनरेटरमध्ये कॉइलचे तीन गट, म्हणजे तीन फेज असतात. ते टोकाला टोक जोडून त्रिकोण केला की डेल्टा; तिन्हींचं एकेक टोक एकत्र बांधलं की स्टार. करंटचं बरोबर आहे. पण त्याच आरपीएमला (मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांना) व्होल्टेज १.७३ पटीने उतरतं, त्याचं काय? गुणाकार केला की वॅट तेवढेच. "डेल्टात रोध एक तृतीयांश होतो" असंही सांगतात. होतो, पण व्होल्टेजचा वर्गही एक तृतीयांशच होतो, आणि वीज ठरते ती या वर्गाला रोधाने भागून. तांबं तेच, चुंबक तेच, मग जादा वीज येणार कुठून?

मला वाटतं, हा समज शेतातल्या पंपाच्या स्टार्टरवरून आला असावा. तिथे मोटार स्टारवर दमाने उठते आणि डेल्टावर पूर्ण जोर धरते. पण तिथले ४१५ व्होल्ट लाइनवरून आलेले असतात. इथे व्होल्टेज पाती किती जोरात फिरतात त्यावर ठरतं.

१२ व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला सुरुवात होण्यासाठी, एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या दोन डायोडांतले १.४ व्होल्ट धरून साडेतेराच्या आसपास लागतात. स्टारमध्ये ते १४० आरपीएमला मिळत असतील, तर त्याच कॉइल डेल्टात २४२ला तिथे पोचतील. म्हणजे सेकंदाला ३ मीटर वाऱ्यावर सुरू होणारं चार्जिंग ५.२ मीटरवर जाणार. आपल्याकडे बहुतेक गावांत असा वारा दिवसातून किती तास असतो?

जोराच्या वाऱ्याबद्दल थोडं तथ्य आहे. बॅटरी थेट जोडलेली असली की ती व्होल्टेज धरून ठेवते, स्टारमधली पाती दबतात. डेल्टात मोकळी फिरतात. म्हणून कोणी रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून स्टार-डेल्टा बदलतात. पण बदलताना क्षणभर भार सुटतो आणि भर वाऱ्यात पाती सुसाट सुटतात. वाऱ्यानुसार भार जुळवून घेणारा एमपीपीटी कंट्रोलर हे काम रिलेशिवाय करतो. फक्त वादळातलं व्होल्टेज त्याच्या मर्यादेत राहायला हवं.

सल्ल्यात नसलेली गोष्ट मात्र सर्वांत महागात पडते. डेल्टा हे बंद वर्तुळ आहे. हाताने गुंडाळलेल्या कॉइल अगदी सारख्या नसतात; शिवाय तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ लहरीत मिसळलेली तिप्पट वेगाची लहर, तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी चढतो-उतरतो. स्टारमध्ये तो लाइन व्होल्टेजमधून वजा होतो, डेल्टात आतल्या आत करंट फिरवत राहतो. बॅटरीत काही जात नाही, कॉइल तापते, चाक जड होतं. खात्री करायची तर डेल्टाचा एक कोपरा सोडा, सुट्या टोकांवर एसीवर ठेवलेला मल्टिमीटर लावा आणि रोटर हाताने फिरवा. आकडा शून्याजवळ राहिला नाही, तर कोपरा जोडल्यावर तेवढं व्होल्टेज आतच जळणार.

कमी व्होल्टेज आणि जास्त करंट हवाच असेल तर तो गुंडाळतानाच मिळवा. १ मिमी तारेचे ८० फेरे डेल्टात जोडून जे मिळतं, तेच १.३ मिमी तारेचे ४६ फेरे स्टारमध्ये देतात; वर्तुळ बंद होत नाही आणि तांबंही जवळपास तेवढंच लागतं.