पुठ्ठ्याचे पैसे कुणाचे?

सोसायटीच्या मीटिंगमधून घरी आल्या आल्या ताईने पुण्याहून फोन केला. ठराव झाला होता. यापुढे पुठ्ठे, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, डबे असा विकण्याजोगा सुका कचरा पार्किंगमधल्या खोलीत साठवायचा, महिन्याला भंगारवाला बोलवायचा आणि आलेले पैसे मेंटेनन्सच्या खात्यात टाकायचे. आजवर हा माल कचरा न्यायला येणाऱ्या मावशी विकायच्या, म्हणून ताईने विरोध केला तर तिला ऐकवलं गेलं, "तुमचा भाऊ जर्मनीत आहे ना? विचारा त्याला. तिकडे लोक आपल्या बाटल्या आपणच विकतात."

माझं नाव घेतलंच आहे, तर सांगतो.

हो, विकतात. खरं तर विकत नाहीत, स्वतःचेच पैसे परत घेतात. 2003 पासून इथे पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर किंवा कॅनवर 25 सेंट अनामत भरावी लागते. बियरच्या काचेच्या साध्या बाटलीवर ती 8 सेंट असते. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनच्या गोल तोंडात सरकवली की ती आत फिरते, बारकोड वाचला जातो आणि शेवटी एक चिठ्ठी बाहेर येते. ती काउंटरवर दिली की पैसे मिळतात. बाटली चेपलेली असेल आणि बारकोड वाचता आला नाही, तर मशीन ती परत ढकलतं.

हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मला पुण्यात आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशी आठवल्या. त्या प्रत्येक बाटली पायाखाली चेपायच्या, कारण पोत्यात जास्त मावल्या पाहिजेत. त्यांच्या बाटलीची किंमत काट्यावर ठरते. लिटरची रिकामी बाटली भरते जेमतेम 25 ग्रॅम, म्हणजे किलोला चाळीसएक बाटल्या उचलायच्या, झाकणं काढायची, पोतं पाठीवर घेऊन दुकान गाठायचं. तिथे पुठ्ठा ओला आहे म्हणून वजनात कापणार, काचेला भाव नाही म्हणणार. इथे एका बाटलीचे सध्याच्या दराने पंचवीसएक रुपये होतात आणि ते कायद्याने ठरलेले आहेत. कुणी काटा मारू शकत नाही.

म्हणून सोसायटीचं उदाहरण मला पटत नाही. इथे बाटलीचे पैसे माझे, कारण ते मीच आधी भरलेत. पुण्यातल्या पुठ्ठ्यावर आपण काय भरलं? तो आपण दाराबाहेर ठेवला, एवढंच. त्याला किंमत येते ती वेगळा काढण्याने, सुका ठेवण्याने, वाहून नेण्याने. ते काम मावशी करतात.

पुण्यात ही गोष्ट कुणाला नवीन नसावी. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये याच शहरात उभी राहिली. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरटी मिळणारं शुल्क आणि भंगार विकून येणारे पैसे, या दोन्हींवर त्यांचं घर चालतं. भंगार काढून घेतलं की मावशींच्या वाट्याला उरतो ओला कचरा आणि डायपर. शुल्क तेवढंच, ओझं जवळपास तेवढंच, आणि कमाईचा मोठा भाग गायब. त्यातून मेंटेनन्स किती कमी होईल? शंभर घरांत वाटला तर एका घराला कळणारसुद्धा नाही.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या स्टेशनबाहेर संध्याकाळी एक आजोबा येतात. हातात बॅटरी, खांद्याला निळी पिशवी, आणि कोपरापर्यंत हात डब्यात. पेन्शन पुरत नाही म्हणून बाटल्या वेचणारी माणसं या श्रीमंत देशातही आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण बरेच लोक रिकामी बाटली डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी उभी करून ठेवतात, जेणेकरून कुणाला कचऱ्यात हात घालावा लागू नये. 25 सेंट सोडून देतात आणि पुढे जातात. जर्मनीकडून काही उचलायचंच असेल तर मला ही सवय उचलावीशी वाटते.

आणि दुसरी गोष्ट अनामतीची. ती आपल्याकडे अशक्य नाही. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटलीवर 10 रुपये जादा घेऊन बाटली आणल्यावर परत देण्याची पद्धत 2022 मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीतही बाटल्या परत विकत घेण्याची तरतूद होती. ती नीट राबवली गेली असती तर मावशींच्या पोत्याचा हिशेब किलोवर न होता नगावर झाला असता. सोसायट्यांनी पत्रं लिहायची तर यासाठी लिहावीत.

खोलीत साठवायला माझी हरकत नाही. पावसात पुठ्ठा भिजणार नाही, वजनात कापला जाणार नाही. हे सगळं मी ताईला लिहून पाठवलंय. पुढची मीटिंग रविवारी आहे, आणि त्या खोलीची किल्ली मावशींकडे द्यावी असा ठराव ती मांडणार आहे.