डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवसांपासून मेसेज फिरतोय : ‘फाइली डी ड्राइव्हमध्ये ठेवा, कॉम्प्युटर बिघडला तरी काही जात नाही.’ हे अर्धंच खरं. विंडोज नव्याने टाकताना फक्त सी ड्राइव्ह (विंडोज असतं तो) पुसला तर डी वाचतो, एवढंच. घरच्या बहुतेक कॉम्प्युटरांत सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. वावराच्या मधोमध धुरा घातला म्हणून गारपीट अर्ध्याच तुरीवर थांबते का?

आपल्याकडे उन्हाळ्यात लाइन किती वेळा येते-जाते, सांगायला नको. मागच्या मे महिन्यात आमची डिस्क तशीच बसली. बाबांच्या कापूस विक्रीच्या पावत्या, बहिणीच्या लग्नाचे फोटो, सगळं डीमध्येच होतं. वाचला तो फक्त मेलवर पाठवलेला फेरफाराचा स्कॅन.

बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, आणि ती वेगळ्या वस्तूवरच हवी. बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर व्हायरस तिलाही सोडत नाही. सातबारा, दाखले गूगल ड्राइव्हवरही टाका, जीमेल आणि फोटो धरून १५ जीबी फुकट आहे. आणि कॉपी केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. माझ्या पेनड्राइव्हवर खऱ्या फाइली नव्हे, त्यांच्याकडे नेणारे नुसते शॉर्टकटच गेले होते.