‘आधी डार्क सोल्स, मगच एल्डन रिंग’ हा हट्ट सोडा

नाशिकच्या गेमिंग ग्रुपांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. विषय फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या अवघड म्हणून गाजलेल्या व्हिडिओ गेम्सचा. म्हणणं असं: डार्क सोल्स 1, 2, 3 याच क्रमाने खेळा, त्याच कंपनीच्या नव्या एल्डन रिंगला शेवटी हात लावा. कारणं चार दिलीत. गोष्ट क्रमाने कळते, पहिला भाग हळूहळू शिकवत नेतो, नव्यापासून सुरू केलं की जुने खेळवत नाहीत, आणि जुने गेम साध्या मशीनवर चालतात. लिहिणाऱ्याचा या गेम्सवर जीव आहे, हे दिसतं. माझाही आहे. पण सिडको-सातपूरची पोरं असले सल्ले वाचून पैसे घालतात आणि आठवडाभरात गेम सोडून देतात, ते बघवत नाही.

मुळात क्रमच पाळायचा तर सुरुवात डार्क सोल्सपासून होतच नाही. त्याआधीचा, याच धाटणीचा डीमन्स सोल्स 2009 साली प्लेस्टेशन 3 वर आला, डार्क सोल्स 2011 चा. डीमन्स सोल्सचा 2020 चा रीमेकही (नव्याने बनवलेली आवृत्ती) फक्त प्लेस्टेशन 5 वर आहे. म्हणजे पीसीवाल्यांनी ही मालिका मधूनच सुरू केली, आणि त्यांचं काही अडलं नाही.

आता गोष्ट. डार्क सोल्सचा पहिला भाग लॉर्ड्रन नावाच्या राज्यात घडतो, दुसरा ड्रँगलिकमध्ये, आणि दोघांना जोडणारे धागे फार बारीक आहेत. एल्डन रिंगचं तर जगच निराळं. त्या जगाचा पूर्वेतिहास ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी रचलाय, डार्क सोल्सशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय या गेम्समध्ये गोष्ट कुणी सरळ सांगतच नाही. तलवारीच्या, अंगठीच्या वर्णनातल्या दोन ओळी वाचून ती आपली आपण जुळवायची. मेसेज एका ठिकाणी बरोबर आहे: तिसऱ्या भागात पहिल्यातलं अनोर लोंडो शहर पुन्हा येतं, लोहार आंद्रे पुन्हा भेटतो, आणि पहिला भाग खेळलेल्यालाच त्याची किंमत कळते. तेव्हा 1 च्या आधी 3 नको, एवढा नियम मला मान्य आहे. तो सगळ्या मालिकेला लावू नका.

‘पहिला भाग शिकवत नेतो’ हे मात्र साफ चूक. ट्युटोरियल, म्हणजे सुरुवातीचा सरावाचा टप्पा, संपल्यावर तुम्ही फायरलिंक श्राइन या मुख्य तळावर उतरता. तिथे बसलेला निराश योद्धा सांगतो की दोन घंटा वाजवायच्यात, एक वर आहे, एक खूप खाली. नवा माणूस साहजिकच जी वाट दिसेल ती धरतो. एक वाट स्मशानात जाते, तिथले सांगाडे दोन-तीन फटक्यांत मारतात. दुसरी लिफ्टने न्यू लोंडोच्या अवशेषांत उतरते, तिथल्या भुतांवर साध्या तलवारीचा वार बसतच नाही. खरी वाट कड्याला लागून वर जाते, पण इकडेच जा असं गेम म्हणत नाही. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत अंबडची शिफ्ट संपवून येणारा एक मुलगा त्या स्मशानातच रोज मरत होता. त्याला वाटत होतं, गेम आहेच एवढा अवघड, आपल्यालाच जमत नाही. कुणीतरी वरची वाट दाखवेपर्यंत त्याचा आत्मविश्वास पार गेला होता. पुढेही तेच. लॉर्डव्हेसल नावाचं भांडं मिळेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा गेम होईपर्यंत, एका बोनफायरवरून (विसाव्याच्या शेकोटीवरून) दुसऱ्यावर थेट जाता येत नाही. डेप्थ्स या गटारांच्या भागात शाप लागला तर उपाय सापडेपर्यंत निम्म्या हेल्थवर फिरायचं.

एल्डन रिंगमध्येही लिमग्रेव्ह या पहिल्या प्रदेशात बाहेर पडल्या पडल्या सोनेरी घोडेस्वार उभा असतो आणि तो नव्या खेळाडूला सहज झोपवतो. पण त्याला वळसा घालून जाता येतं. मार्गिट या पहिल्या मोठ्या बॉसपाशी (बॉस म्हणजे वाट अडवणारा तगडा शत्रू) अडकलात तर दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला हा भाग अख्खा पडलाय. तिथे लेव्हल वाढवा, हत्यार सुधारा, मग परत या. फिरायला टॉरेंट घोडा आहे, मदतीला बोलवायला स्पिरिट ॲशेस, म्हणजे सोबत लढणारे आत्मे, आहेत, आणि मेल्यावर बऱ्याच बॉसच्या दाराशीच पुन्हा उभं राहता येतं. गेम सोपा नाही, मलेनिया नावाच्या बॉसने भल्याभल्यांना रडवलंय. पण अडकलेल्या माणसाला करण्यासारखं काहीतरी उरतं, आणि नव्याला तेवढंच हवं असतं.

जुने गेम नंतर खेळवत नाहीत? लॉक-ऑन केल्यावर, म्हणजे एका शत्रूवर नजर बांधल्यावर, पहिल्या भागात चारच दिशांना रोल (वार चुकवायची कोलांटी) होतो, तेव्हा सुरुवातीला हात अडखळतो, हे खरं. दुसऱ्या भागात तर रोलमधला बचाव ॲडॅप्टेबिलिटी नावाच्या स्टॅटवर (पात्राच्या एका गुणाच्या आकड्यावर) ठरतो. पण ते अंगवळणी पडतं. पहिल्या भागात अनडेड पॅरिश या वरच्या भागातली लिफ्ट खाली येऊन थेट फायरलिंकला उघडते तेव्हा ते जग कसं गुंफलंय ते लक्षात येतं, आणि स्मशानात वैतागून गेम डिलीट केलेला माणूस तिथवर पोचतच नाही.

मशीनचा मुद्दा खरा आहे. एल्डन रिंगला किमान 12 जीबी रॅम, जीटीएक्स 1060 च्या तोडीचं कार्ड आणि 60 जीबी जागा लागते. पहिल्या भागाची सुधारित आवृत्ती, डार्क सोल्स रीमास्टर्ड, हिला 6 जीबी रॅम आणि 8 जीबी जागा पुरते. घरात जुना पीसी असेल तर रीमास्टर्डच घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त कीबोर्डवर खेळू नका, कंट्रोलर लागतोच. आणि ज्याला तो गेम सुचवाल त्याला फायरलिंकवरून कड्याच्या कडेने वर जायचं, हे त्याच मेसेजमध्ये लिहून द्या.