ई-सिमने ओटीपी बंद होत नाही राजेहो, सिम काढल्याने होतो

सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर, सोसायटीच्या, टूरच्या, शाळेतल्या जुन्या मित्रांच्या, तोच एक फॉरवर्ड फिरायला लागतो. "परदेशात जाणाऱ्यांनो सावधान!!" म्हणणं असं की फिरायला जाताना ई-सिम बिलकुल घेऊ नका, कारण ते घेतलं की इंडियाचा नंबर बंद पडतो अन् बँकेचे ओटीपी येत नाहीत, त्याचा क्यूआर स्कॅन केला की खातं रिकामं होतं, रोमिंग ऑन करायला लावतात अन् मग हजारोंचं बिल येतं, तसंही ते फक्त आयफोनवर चालतं, अन् फोन बिघडला की सिमही गेलं. म्हणून तिथल्या एअरपोर्टवर उतरून सरळ साधं सिम घ्या. खाली "जनहितार्थ". यातल्या एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत म्हणूनच तो चालतो, पण मुख्य मुद्दा पार उलटा आहे, अन् लोक त्याच्या भरवशावर नेमकं नको तेच करून राह्यले.

आधी ओटीपी, कारण सगळे घाबरतात ते यालाच. ई-सिम म्हणजे फोनच्या आत कायमची बसवलेली चिप, तिच्यात कंपनीचं प्रोफाइल, म्हणजे सिममध्ये असते ती माहिती, नेटवरून उतरवून घ्यायचं. ट्रॅव्हलचं ई-सिम, म्हणजे फिरण्यापुरतं परदेशातल्या डेटासाठी घेतलेलं, टाकलं की फोनमध्ये दुसरी लाइन तयार होते, बस. तुमचं जिओ, एअरटेल, व्हीआय जे काय असेल ते ट्रेमध्ये जिथल्या तिथे, त्याला कोणी हात लावत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुतेक दोन गोष्टींची गल्लत केली आहे: आपलंच चालू सिम ई-सिममध्ये कन्व्हर्ट केलं तर जुनं प्लास्टिकचं सिम खरंच बंद पडतं, पण तेव्हाही नंबर तोच राहतो, अन् ट्रॅव्हलच्या ई-सिमचा त्याच्याशी संबंधच नाही.

आता गंमत पाहा. इथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये प्लास्टिक सिमची जागा एकच. बँकॉकच्या एअरपोर्टवर तिथलं सिम घेतलं की आपलं काढावं लागतं, मग ते जातं पाकिटात किंवा पासपोर्टच्या कव्हरात, अन् ते बाहेर असेपर्यंत एकही ओटीपी येणार नाही. वर यूपीआयची आणि बऱ्याच बँकांची अ‍ॅप नंबर सिमशी बांधून ठेवतात, सिम गायब दिसलं की पुन्हा व्हेरिफाय करा म्हणून बसतात. म्हणजे ज्या संकटाची भीती दाखवली, ते फॉरवर्डने सांगितलेल्या उपायानेच येते. ई-सिमवर डेटा चालवला तर इंडियाचं सिम आत राहतं आणि ओटीपी त्याच्यावर येत राहतात. अट एवढीच की निघायच्या आधी आपल्या कंपनीकडून इंटरनॅशनल रोमिंग सुरू आहे का ते पाहून घ्यायचं आणि प्रीपेड असेल तर रिचार्जची मुदत मधेच संपत नाही ना तेही. ही दोन कामं राहिली की लोक शिव्या ई-सिमला देतात.

बिलाचं म्हणाल तर तिथे फॉरवर्डला थोडा आधार आहे. ट्रॅव्हलचं ई-सिम बहुतेक वेळा स्वतःच रोमिंगवर चालतं, म्हणजे प्रोफाइल एका देशातल्या कंपनीचं अन् टॉवर दुसऱ्या देशातले, त्यामुळे त्या लाइनचं डेटा रोमिंग ऑन करावंच लागतं. बिल येतं ते इंडियाच्या लाइनचं डेटा रोमिंग ऑन राहिलं अन् पॅक नसला तर. सेटिंगमध्ये मोबाइल डेटात गेलात की दोन लाइन एकाखाली एक दिसतात, घरीच त्यांना नावं देऊन टाका, एक "घरचा" एक "ट्रॅव्हल". मोबाइल डेटासाठी "ट्रॅव्हल" निवडायचं, तिचं रोमिंग ऑन. "घरचा" उघडून त्याचं डेटा रोमिंग ऑफ, पण लाइन चालू ठेवायची, लाइनच बंद केली तर ओटीपी कुठून येईल. अन् आयफोनवर तिथेच एक बटण असतं, मोबाइल डेटा स्विच होऊ देण्याचं, ते आठवणीने बंद करा, नाहीतर एका लाइनचं नेट गेलं की फोन आपल्या मनाने दुसरीवर उडी मारू शकतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक ते विमानातून उतरल्यावर, इमिग्रेशनच्या लाइनीत, एका हातात पासपोर्ट धरून करतात. राहिला प्रश्न फोन येण्याचा, तर पॅक नसेल तर इंडियाच्या नंबरवर आलेला कॉल उचलला की पैसे लागतात, म्हणून घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर करायला सांगून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर बदलत नाही, डेटा कोणत्याही लाइनचा असो.

क्यूआर स्कॅन केला अन् खातं रिकामं, हे म्हणजे दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणं. यूपीआयच्या क्यूआरवरून लोक फसले, म्हणून क्यूआर दिसला की छातीत धस्स होतं. ई-सिमच्या क्यूआरमध्ये एलपीए या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, त्यात एका सर्व्हरचा पत्ता आणि एक कोड, फोन तिथे जाऊन प्रोफाइल घेऊन येतो. बँकेच्या अ‍ॅपपर्यंत तो पोहोचत नाही. चोरी होते ती दुसरीकडून: "मी कंपनीतून बोलतो, तुमचं सिम अपग्रेड करायचं आहे" असा कॉल येतो, लिंक येते, तुम्ही हो म्हणता, अन् तुमचा नंबर चोराच्या फोनवर ई-सिम होऊन बसतो. तुमच्याकडचं नेटवर्क गेलं की समजायचं, ओटीपी आता त्याला जाऊन राह्यले. यासाठी परदेशात जायची गरज नाही, इथे नागपुरात बर्डीवर उभं राहूनही होतं. असं काही झालं तर ताबडतोब बँकेला अन् १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

याच मुद्द्याला जोडून कोणी ना कोणी "सरकारनेच बॅन केलं" म्हणतं. झालं असं होतं की जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही ट्रॅव्हलचं ई-सिम विकणारी दोन अ‍ॅप अ‍ॅपलच्या इंडिया स्टोअरमधून काढली गेली. ई-सिम या तंत्रावर ती बंदी नव्हती. भारतात परदेशी सिम विकायचं तर दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, भानगड त्याची होती. तेव्हा घेताना विकणाऱ्याकडे ते आहे का विचारा, कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरून स्वस्तातलं उचलू नका, अन् एवढी कटकटच नको असेल तर आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक मारा, महाग पडेल पण डोक्याला ताप नाही. आईबाबांना ग्रुप टूरला पाठवत असाल तर मी हेच सांगीन, दोन लाइनचा हिशेब त्यांच्या गळ्यात कायले मारायचा.

फक्त आयफोनवर चालतं हे तर धादांत खोटं. गूगलच्या २०१७ च्या पिक्सेल २ फोनमध्ये ई-सिम होतं, आयफोनमध्ये आलं २०१८ ला. सॅमसंगच्या एस सिरीजचे अलीकडचे फोन, मोटोरोलाचे काही, बरेच आहेत. डायल करा *#०६#, आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर बहुतेक तुमचाही फोन चालतो. चीनमधून आणलेला आयफोन असेल तर मात्र आधी तपासा, तिकडच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ई-सिम नसतं.

एअरपोर्टवरचं सिम वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. पोरगी जर्मनीला शिकायला चालली असेल तर तिला तिथला नंबर लागणारच, अन् ट्रॅव्हलच्या बहुतेक ई-सिमवर नंबर नसतो, नुसता डेटा. आठवड्याभराच्या फिरण्याला नंबर लागतो कुठे? टॅक्सीचं अ‍ॅप इंडियाच्या नंबरवर घरूनच रजिस्टर करून जा. दुबईचं एक वेगळं, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल सहसा लागत नाही, मेसेज चालतात, अन् तिथलं सिम घेतलं म्हणून त्यात काही फरक पडत नाही.

उरला फोन बिघडण्याचा मुद्दा, तो मात्र बरोबर आहे. स्क्रीन फुटली तर प्लास्टिकचं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकता येतं, ट्रॅव्हलच्या ई-सिमचा क्यूआर बऱ्याचदा एकदाच चालतो. (चोरीच्या वेळी हेच उलटं कामी येतं, चोराला ई-सिम उपटून फेकता येत नाही.) दोघं-तिघं जात असाल तर डेटा दोन फोनमध्ये वेगवेगळा घ्या, एक गेला तर दुसऱ्याचा हॉटस्पॉट. प्रोफाइल घरच्या वायफायवरच उतरवून घ्या, कारण उतरवायलाच नेट लागतं, अन् मुदत कधीपासून मोजतात ते घेताना वाचा, काहींची तिथल्या नेटवर्कला लागल्यावर सुरू होते, काहींची लगेच. अन् पोहोचल्यावर चालून नाही राह्यलं तर चिडून डिलीट करू नका बाप्पा, पुन्हा टाकता येईलच असं नाही. पहिले त्या लाइनचं रोमिंग ऑन आहे का पाहा, मग फोन एकदा बंद-चालू करा.