बोटांचे ठसे, डोक्यावरची टेंगळं आणि तां तां

संजूनं तो रिपोर्ट कट्ट्यावर आणला तो लग्नाची पत्रिका दाखवायला आणावी तसा. प्लॅस्टिकचं फोल्डर, आत रंगीत पानं. पोरगं तिसरीत. कुठल्याशा क्लासवाल्यानं त्याच्या दहा बोटांचे ठसे घेऊन सांगितलं की डावा मेंदू ५८ टक्के, उजवा ४२, गणिताचा कप्पा मोठा, भाषेचा लहान. साडेसहा हजार रुपये.

"साडेसहा हजारात माझी पाटी रंगली असती," बापू चहा गाळता गाळता म्हणाला.

कुलकर्णी सरांनी चष्मा लावून दोन पानं चाळली. सर तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेत, पण तास संपल्याची घंटा अजून त्यांना ऐकू आलेली नाही. "संजू, हे दोनशे वर्षं जुनं दुकान आहे रे. फक्त डोक्यावरनं बोटावर आलंय."

मग गॉल निघाला. फ्रान्झ योसेफ गॉल, व्हिएन्नातला डॉक्टर. शाळेत असताना त्याच्या लक्षात आलं की पाठांतरात पुढं असणाऱ्या पोरांचे डोळे बटबटीत असतात. म्हणजे डोळ्यांमागचा मेंदूचा भाग फुगलेला, म्हणजे शब्दांची जागा तिथंच. या एका निरीक्षणावर त्यानं अख्खा इमला उभा केला. माणसाचे गुण २७, प्रत्येकाची मेंदूत जागा ठरलेली, आणि जो गुण जास्त त्याच्यावर कवटीला उंचवटा. १८०१ मध्ये बादशहानं त्याची व्याख्यानं बंद केली. सर म्हणाले, बंदीमुळं माणूस जास्त गाजतो, तसंच झालं.

"टेंगूळ चाचपून स्वभाव?" सलीम हसला. सलीम फिजिओथेरपिस्ट आहे. मिरजेत डॉक्टर, पेशंट आणि तंबोरे यांना तोटा नाही, त्यामुळं कट्ट्यावर एकतरी वैद्यकीय माणूस असतोच.

"हसू नकोस," सर म्हणाले. "त्याला खोडायला फ्लूरांस आला. पॅरिसचा. त्यानं कबुतरांच्या मेंदूचे भाग काढून बघितले. लहान मेंदू काढला की कबूतर जिवंत, पण तोल गेलेला. त्याखालचा मज्जेचा भाग दुखावला की श्वासच बंद. पण मोठ्या मेंदूत कुठूनही काढा, सगळंच थोडंथोडं मंदावतं. तेव्हा तो म्हणाला, मोठा मेंदू अखंड, त्यात कप्पे नाहीत."

"म्हणजे गॉल चुकीचा."

"गॉलची पद्धत चुकीची. पण कप्पे नाहीत, हेही चूक निघालं."

इथं संजू उसळला, आणि खरं सांगतो, त्याचा मुद्दा बिनतोड होता. "बघा! ज्यानं नीट प्रयोग केले तो चुकला, आणि ज्यानं टेंगळं चाचपली तो निम्मा बरोबर. मग माझा क्लासवालाही उद्या बरोबर निघाला तर?"

सरांना पटकन उत्तर सुचेना. चहा आला म्हणून ते वाचले.

उत्तर सलीमकडं होतं, आणि ते १८६१ सालात होतं. पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात लबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा पेशंट होता. काहीही विचारा, एकच उत्तर: तां, तां. इस्पितळात त्याचं नावच तां पडलं.

"मिरजेत तानेवर हसायचं नाही," बापूनं दम दिला.

"याला तानेपलीकडं काही येतच नव्हतं बापू. पण समजत सगळं होतं. उजवी बाजू लुळी. ब्रोका नावाच्या सर्जननं विचारलं, इथं किती वर्षं आहेस? त्यानं डावा पंजा चारदा उघडला आणि वर एक बोट. एकवीस. बरोबर होतं. राग अनावर झाला की देवाच्या नावानं एक शिवी मात्र स्वच्छ निघायची."

पाय सडल्यामुळं तो ब्रोकाच्या वॉर्डात आला होता, पाच दिवसांत गेला. १७ एप्रिल. दुसऱ्या दिवशी ब्रोकानं त्याचा मेंदू मानववंशशास्त्राच्या सभेत नेऊन दाखवला. डाव्या बाजूला, पुढच्या खंडात खड्डा. त्या वर्षी तशाच आणखी एका पेशंटच्या मेंदूतही तिथंच बिघाड सापडला. डावी बाजूच का, हे ठामपणे मांडायला ब्रोकानं १८६५ पर्यंत वेळ घेतला.

मला यातला सगळ्यात आवडता माणूस ब्रोका नव्हे, ऑबर्टिन नावाचा दुसरा डॉक्टर. वाचेची जागा पुढच्या खंडात आहे असं छातीठोक सांगणारा. ब्रोकानं त्याला हा पेशंट जिवंत असतानाच दाखवला होता. आणि त्या गृहस्थानं असा पेशंट मेल्यावर त्याचा पुढचा खंड शाबूत निघाला तर आपण मत सोडू, असं आधीच कबूल केलं होतं.

"संजू," मी म्हणालो, "तुझ्या क्लासवाल्यानं असं काही लिहून दिलंय? काय निघालं तर तो चूक?"

संजूनं फोल्डर पालथं केलं. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. सरांनी मोठ्यानं वाचली: "शुल्क परत मिळणार नाही."

पुढची दहा मिनिटं कुणाला काही ऐकू आलं नाही. संजूसुद्धा हसला, पण जरा उशिरा.

तरी तो हरायला तयार नव्हता. म्हणून सर १८८१ च्या लंडनला गेले. वैद्यकांची मोठी परिषद. कप्पे नाहीत म्हणणाऱ्या गोल्ट्झ नावाच्या जर्मन संशोधकानं मेंदूचा मोठा भाग काढलेला कुत्रा आणला, तो चालत होता. बघा, कप्पे नाहीत! कप्पे आहेत म्हणणाऱ्या फेरियरनं माकडं आणली. एकाची उजवी बाजू लुळी, कारण डाव्या मेंदूची हालचालींची जागा काढलेली. ते लंगडत आलं तसा शार्को नावाचा मेंदूविकारांचा फ्रेंच डॉक्टर ओरडला, "हा तर पेशंट आहे!" मग जनावरं मारून मेंदू तपासले, तर कुत्र्याचा मेंदू गोल्ट्झ सांगत होता त्याहून बराच शिल्लक होता.

"आणि तरी," सलीम म्हणाला, "ब्रोकाचा खणही वाटला तेवढा चौकोनी नाही. त्यानं तो मेंदू कापला नाही, तसाच जपला. म्हणून २००७ मध्ये एमआरआय करता आला. बिघाड वरच्या खड्ड्यापुरता नव्हता, खूप आत गेला होता."

"म्हणजे ब्रोकापण चुकला!" संजू.

"जपला म्हणून कळलं की."

बापूनं कळशी खाली ठेवली. त्याचा थोरला भाऊ गेल्या दिवाळीत अर्धांगानं आडवा झालाय, हे आम्हा सगळ्यांना माहीत. तो विषय कट्ट्यावर कुणी काढत नाही.

"सलीमभाई, दादाला पाणी म्हणता येत नाही. ग्लासाकडं बोट करतो. पण रेडिओवर अभंग लागला की पाठोपाठ शब्द म्हणतो, चालीसकट. मग ते कुठल्या खणात?"

"उजवी बाजू शाबूत असेल त्यांची," सलीम हळू म्हणाला. "गाण्यात तिचा मोठा हात असतो असं मानतात. शब्द सुरात घालून म्हणवून घ्यायची एक पद्धत आहे. सगळ्यांना लागू पडतेच असं नाही बापू."

"पाणी सुरात?"

"पाणी, चहा, दुखतंय. रोजचे शब्द आधी."

बापूनं गल्ला बंद केला आणि उघडला. "तुम्ही किती घेता?"

"उद्या सकाळी सातला येतो. चहा ठेव."

संजू फोल्डर कट्ट्यावरच विसरून गेला होता. बापूनं ते उचलून फळीवर, ग्लासांच्या मागं ठेवलं.