पिक्सेल मोजणारा माणूस आधी खाली उतरवा

यंदा मंडळाच्या स्टेजला एलईडी वॉल, म्हणजे पॅनेलला पॅनेल जोडून केलेला मोठा पडदा, लावायचं ठरलंय ना? मग सगळ्यात आधी एक काम करा. टेप आणि कागद घेऊन जो माणूस स्टेजवर चढलाय त्याला खाली उतरवा. चहाला पाठवला तर दहा मिनिटांत परत येईल, म्हणून मिसळ खायला पाठवा. तेवढ्यात मंडपवाल्याची पोरं पॅनेल कशीबशी उभी करतील आणि तो परत आला की त्याला म्हणता येईल, "आता झालंय की सगळं, तू कशाला आलास?"

तो माणूस बहुतेक वेळा मी असतो, त्यामुळं हे सगळं अनुभवातून सांगतोय. कोल्हापुरात वॉलच्या मागं उभं राहून पोट भरणाऱ्याला दोनच गोष्टी लागतात : अर्धा तास वेळ आणि एक शिडी. मंडळानं या दोन्ही देऊ नयेत. वेळ दिला तर तो मॅपिंग करतो (ते काय, पुढं सांगतो), आणि शिडी दिली तर लायटिंगच्या माळा कोण चढवणार?

वॉल नेहमी फुटात मागवावी. मूर्ती फुटात, मंडप फुटात, कटआउट फुटात, मग वॉल तेवढी मिलिमीटरमध्ये का म्हणून? फोनवर ठणकावून सांगा, "बारा बाय आठ पायजे." पलीकडचा पोरगा चाचरत सांगेल की पॅनेल ५०० मिलिमीटरचं असतं, सात लावली तर साडेअकरा फूट होतात, आठ लावली तर तेरा फूट एक इंच, आणि अर्धं पॅनेल येत नाही. त्याचं ऐकू नका. वरच्या गल्लीच्या मंडळानं बारा बाय आठ लावलीय आणि त्यांना ती पुरी बारा फूट मिळालीय, असं त्याला सांगा. (त्यांनाही साडेअकराच मिळालीय. त्यांनीही त्याला तुमचं नाव सांगून हेच ऐकवलं होतं.) शेवटी सात आडवी आणि पाच उभी अशी पस्तीस पॅनेल येतात. रुंदीत सहा इंच कमी, उंचीत अडीच इंच जास्त. उरलेली सहा इंच फट फ्लेक्सनं झाकावी. कोल्हापुरात फ्लेक्स कमी पडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता हा पोरगा पिक्सेलचं, म्हणजे चित्राच्या ठिपक्यांचं, रडगाणं लावेल. त्याची पॅनेल ३.९१ पिचची आहेत, म्हणजे एका ठिपक्यापासून दुसरा ठिपका ३.९१ मिलिमीटरवर. अशा एका पॅनेलवर १२८ आडवे आणि १२८ उभे ठिपके बसतात. सात पाचाच्या वॉलवर ८९६ बाय ६४० झाले. तुमचा व्हिडिओ आलाय १९२० बाय १०८०चा. एकाचं रुंदी-उंचीचं प्रमाण १.४, दुसऱ्याचं १.७८. म्हणून तो विचारेल, वर-खाली काळी पट्टी ठेवू, का दोन्ही बाजू कापू? दोन्हीला नाही म्हणा. भाडं पूर्ण वॉलचं दिलंय, पट्टीचं नाही. आणि बाजू कापल्या तर कडेला उभे राहिलेले कार्यकर्ते जातील, त्यांच्याच वर्गणीवर मंडप उभा आहे. तिसरा मार्ग सांगा : "दाबून बसीव."

दाबून बसवल्यावर चित्रातलं सगळं सव्वापट उंच होतं. साडेपाच फुटी पाहुणा सात फुटी दिसतो, आणि आजवर एकाही पाहुण्यानं याबद्दल तक्रार केलेली नाही. रंकाळा तलाव तेवढा विहिरीसारखा दिसतो आणि गणपतीच्या हातातला मोदक पडवळासारखा. पण रंकाळा काही वर्गणी देत नाही.

"फोर के स्क्रीन" असं पत्रिकेवर जरूर छापा. ३.९१ पिचमध्ये खरी फोर के, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांची, वॉल उभी करायची तर तीस आडवी, सतरा उभी पॅनेल लागतात, साधारण एकोणपन्नास फूट बाय अठ्ठावीस फूट. महाद्वार रोडवर ती उभी केली तर मिरवणूक थांबेलच, पण तो मुद्दा वेगळा.

जाणकार असंही सांगतात की पिच जितक्या मिलिमीटरचा, तितके मीटर तरी प्रेक्षक लांब हवा. म्हणजे या वॉलपासून चार मीटर. आपल्याकडं पाहुण्यांचे सोफे स्टेजला चिकटून असतात, त्यामुळं शहरातल्या सगळ्यात मानाच्या माणसांना रात्रभर नुसते लाल-हिरवे-निळे ठिपके दिसतात. चित्र दिसतं ते मागं कंपाउंडवर बसलेल्या पोरांना.

देणगीदारांची यादी मात्र एकाच स्लाइडवर घ्या. पुढच्या स्लाइडवर ढकललेला माणूस पुढच्या वर्षी वर्गणी देत नाही, हे खजिनदार जाणतात. समजा चौसष्ट नावं आहेत. ६४० भागिले ६४, एका ओळीला दहा ठिपके. इंग्रजी अक्षर दहा ठिपक्यांत कसंबसं उभं राहील, पण आपल्या लिपीचा संसार मोठा. वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षर, आणि दोन ओळींत थोडी मोकळी जागा नको का? अक्षराच्या वाट्याला इंचभरसुद्धा उंची येत नाही. पाटील आणि पोटील एकच होतात. गेल्या साली एका सद्गृहस्थांचं आडनाव मांगोरे आणि मगरे यांच्या मधे कुठंतरी लुकलुकत होतं. त्यांनी फोटो काढला, झूम केला आणि शेवटी मलाच विचारलं, "ह्यात मी कुठला?" मी बोटानं एक ओळ दाखवली. ते समाधानानं गेले. ती ओळ त्यांचीच होती का, हे मलाही माहीत नाही.

आता मॅपिंग. हे थोतांड काय असतं तेवढं समजून घ्या, म्हणजे ठामपणे नाकारता येईल. प्रोसेसरमधून, म्हणजे वॉलला चित्र पुरवणाऱ्या डब्यातून, निघालेली डाटा केबल एका पॅनेलमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी नागमोडी फिरते. वायर कुठून सुरू झाली आणि कुठं वळली, हे कॉम्प्युटरला नकाशा काढून सांगावं लागतं, म्हणजे चित्राचा कुठला तुकडा कुठल्या पॅनेलवर टाकायचा ते त्याला कळतं. यात गंमत अशी, की नकाशा काढायचा वॉलच्या पुढून बघून आणि वायरी जोडायच्या मागं उभं राहून. मागच्याचा डावा तो पुढच्याचा उजवा. म्हणून हा पोरगा आधी प्रत्येक पॅनेलवर त्याचा आकडा उमटवतो आणि पुढं येऊन नुसता बघत उभा राहतो.

आमच्या एका अध्यक्षांनी ते आकडे बघितले आणि ओरडले, "आरं काढ ते पयलं! मटक्याचा अड्डा वाटाय लागलाय मांडव."

"अध्यक्ष, दोन मिन्टं. वायर उलटी लागलीया का बघतो."

"पिक्सल मोजाय आलायस का वॉल लावाय? पाव्हणं दसरा चौकात आल्यात. लाव स्वागताचं!"

लावलं. 'सहर्ष स्वागत' हे शब्द सात पॅनेलांवर नेमके बसवले होते. स, ह, र्ष, मधे एक मोकळं, मग स्वा, ग, त. वायर उजवीकडून सुरू झाली होती आणि नकाशा डावीकडून. बारा बाय आठच्या, म्हणजे साडेअकराच्या, वॉलवर सोनेरी अक्षरांत झळकलं : तगस्वा र्षहस. एकेक अक्षर सुलटं, जागा तेवढी उलटी. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मंत्र समजून हात जोडले. त्यामागोमाग पाहुण्यांचा फोटो आला. मधला रकाना जागच्या जागी राहतो, त्यामुळं नाक बरोबर मधोमध, पण दोन्ही कान आत नाकाच्या बाजूला वळलेले आणि मिशीची टोकं एकमेकांना भेटायला निघालेली. अध्यक्ष माझ्याकडं आले. मला वाटलं आता दोन मिनिटं देतील. ते म्हणाले, "मागनं बघितलं तर सरळ दिसतंय का?"

मागनं बघितलं तर पॅनेलची पाठ दिसते. काळी. पण हा प्रश्न मला अजून आवडतो.

याच गावात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते आणि तिथूनच सिनेमाकडं वळले. रंगवलेल्या पडद्याला 'नो सिग्नल' येत नव्हता आणि राजवाड्याचा खांब चुकून जंगलात उगवत नव्हता. पण तो पडदा रंगवायला वेळ द्यावा लागायचा. आपल्याकडं आता पेन ड्राइव्ह आहे आणि तो कार्यक्रम सुरू झाल्यावर येतो.

पेन ड्राइव्हवरून आठवलं. व्हिडिओ नेहमी व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवावा, म्हणजे तो दाबून दाबून गुळाच्या ढेपेसारखा होऊन येतो. आणि शक्य तर मोबाइल उभा धरून काढावा. लॅपटॉप कुणाचाही चालेल, फक्त त्याचं व्हॉट्सअ‍ॅप उघडं असावं. आरती चालू असताना वॉलच्या कोपऱ्यात 'आई : येताना कोथिंबीर आण' असं आलं की माहोल घरगुती होतो.

विजेचं गणित अगदी सोपं ठेवा : जिथं भोक दिसेल तिथं पिन घाला. पॅनेलच्या पाठीवर कमाल १५० वॉट लिहिलं असेल, तर पस्तिसांचे झाले सव्वापाच हजार वॉट. २३० व्होल्टवर जवळजवळ तेवीस अँपिअर. तुमच्याकडं सोळा अँपिअरचा एक बोर्ड आहे, त्यावर चहाची शेगडीही आहे. घाबरायचं कारण नाही. साध्या व्हिडिओला वॉल कमाल विजेचा साधारण तिसरा हिस्साच ओढते, त्यामुळं तालमीला सगळं सुरळीत चालतं. कमाल वीज लागते ती पूर्ण पांढऱ्या चित्राला. म्हणून पाहुणे माइकपाशी पोचले की पांढऱ्याशुभ्र पाटीवर त्यांचं नाव लावा. वॉल, माइक आणि चहा एकदमच जातील, त्यामुळं नेमका दोष कुणाचा यावर वाद होणार नाही. अर्थिंगबद्दल कुणी विचारलं तर त्याला म्हणा, "जमिनीवरच उभं केलंय की." हा एकच विनोद मला अजून हसवत नाही. पावसात ओल्या ट्रसला, म्हणजे वॉलच्या लोखंडी सांगाड्याला, हात लावून झटका खाल्लेला माणूस मी जवळून बघितलाय.

पाऊस आलाच तर ताडपत्री टाका, पण वॉल चालू ठेवूनच. आत भट्टी होते.

ब्राइटनेस शंभर टक्के. उन्हात दिसावी म्हणून बनवलेली वॉल रात्री पाचव्या हिश्श्यावर आणली तरी डोळ्याला पुरते, असं पोरगं सांगेल. पण वरच्या गल्लीची वॉल चौकातून दिसते, तर आपली पंचगंगेच्या घाटावरून दिसली पाहिजे. पुढं गाणारी बाई काळी सावली होते, निवेदकाला फक्त कडा उरतात. फोटोग्राफर बोंबलतो. बोंबलू दे. त्याच्या कॅमेऱ्यात तसेही वॉलवर आडवे पट्टे येतात, कारण भाडं कमी म्हणून तुम्ही कमी रिफ्रेशची, म्हणजे सेकंदाला कमी वेळा चित्र ताजं करणारी, पॅनेल घेतलीत. साध्या डोळ्याला ते दिसत नाहीत. रील मात्र सगळे मोबाइलवरच काढतात.

लाइव्ह कॅमेरा असेल तर तो वॉलकडंच तोंड करून ठेवा. वॉलवर पाहुणे, त्यांच्यामागं वॉल, त्या वॉलवर पाहुणे, असे लहान होत होत अनंत पाहुणे दिसतात. एका पाहुण्यांनी भाषण थांबवून स्वतःलाच मोजायला सुरुवात केली होती.

शेवटचं, बंद पडलेल्या तुकड्याचं. एका पॅनेलवर चार चौकोनी मॉड्यूल असतात, प्रत्येक पाव मीटरचं, म्हणजे साधारण एका तोंडाएवढं. दणकत आणलेल्या टेम्पोत त्यातलं एखादं ढिलं होतंच. मी दुपारी चारला सांगितलं होतं की तिसऱ्या ओळीतलं एक मॉड्यूल लुकलुकतंय, शिडी द्या, पुढून दाबून बसवतो. शिडी माळांवर होती. रात्री कार्यकारिणीची स्लाइड लागली, सगळ्यांचे फोटो ओळीनं, आणि बरोबर खजिनदारांच्या जागी काळा चौकोन. खाली नाव, पद, वर अंधार. लोक टाळ्या वाजवत हसायला लागले. कुणीतरी मागून ओरडलं, "हिशोब दिला का बघा!"

"अध्यक्ष, आता तरी शिडी," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे की," अध्यक्ष हसू दाबत म्हणाले, "एका माणसासाठी कुठं कार्यक्रम थांबवायचा."

खजिनदार उठले. कुणाशी न बोलता वॉलच्या मागं गेले, खुर्चीवर खुर्ची ठेवून चढले आणि अंदाजानं दोन गुद्दे घातले. चौकोन लागला. खजिनदारांचं हसरं तोंड उजळलं आणि त्याच दणक्यानं शेजारचा चौकोन विझला. तिथं अध्यक्ष होते.

शिडी दीड मिनिटात आली.